व्हिडिओतली बकरी बर्फात निवांत, आमचं करडू डिसेंबरात कुडकुडतंय, हे कसं काय?

येळ्ळूरकरीण
मंडळी, एक प्रश्न विचारते, हसू नका. आमच्याकडं दोन शेळ्या आहेत, त्यातली थोरली बारा दिवसांमागं व्याली, दोन करडं. एक दणकट, दुसरं जरा किरकोळच. गेले चार दिवस पहाटे अशी थंडी पडलीय की राजहंसगड आठ वाजेपर्यंत धुक्यात दिसत नाही आणि ते बारकं करडू आईच्या पोटाखाली घुसून नुसतं थरथरतंय. काल रात्री लेकीचं जुनं स्वेटर काढलं आणि त्याच्या अंगात घातलं, बाह्यांतून पुढचे दोन पाय. सासूबाई म्हणाल्या, आता मफलर पण आण.

आणि त्याच रात्री कुणीतरी व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतली कुठली तरी पांढरीशुभ्र दाढीवाली बकरी, कड्याच्या अगदी टोकाला उभी, भोवती बर्फाचं वादळ आणि ही बया आरामात रवंथ करत्येय! आमचं बारा-तेरा डिग्रीत गार पडतंय आणि ती उणे किती असेल त्यात उभी. हे जमतं कसं? आणि स्वेटर ठेवू की काढू?

कुंदाप्रेमी
स्वेटर ठेवा. फोटो टाका. बाकी चर्चा नंतर.

टिळकवाडीचा_टिळक
बारा डिग्री म्हणजे काय थंडी आहे का? आमच्या कॉलनीत सकाळी फिरायला येणारे लोक बघा, माकडटोपी, हातमोजे, वर शाल, जसं काही एव्हरेस्टला निघालेत. माणसांनी लाडावून घेतलंय तसं तुम्ही करडाला लाडावताय. जनावर आहे, त्याला सवय होऊ द्या.

जनावरांचा_डॉक्टर
टिळकसाहेब, बारा दिवसांच्या करडाला 'सवय होऊ द्या' म्हणून सोडलं तर सवय व्हायच्या आधी ते मरतं. दरवर्षी बघतो मी.

येळ्ळूरकरीण, मोठी शेळी आणि करडू यांचा हिशेबच वेगळा असतो. मोठ्या शेळीच्या पोटात भट्टी असते. चेष्टा नाही. कडबा, पाला जे खाते ते पहिल्या पोटात कुजतं, म्हणजे जंतू ते आंबवतात, आणि आंबताना उष्णता निघते. शेणखताच्या ढिगात हात घातलाय का थंडीत? तसंच. म्हणून रात्रीच्या वेळी भरड वैरण पुढ्यात टाकली की शेळी रात्रभर आतून शेकत राहते. तुमच्या करडाचं ते पोट अजून तयारच नाही, ते दुधावर आहे, भट्टी पेटायला अजून काही आठवडे जातील. शिवाय अंग एवढंसं, चरबी नाही. शेळीच्या जातीलाच कातडीखाली चरबी कमी, असते ती आत, गुर्द्याभोवती आणि आतड्याभोवती. मटण आणणाऱ्यांना ठाऊक आहे.

स्वेटर ठेवा, पण कोरडं असेल तरच. ओलं झालं की ते स्वेटर नव्हे, थंड फडकं. दुपारी ऊन पडलं की काढा. आणि गोठा कसा आहे ते सांगा, जमीन ओली आहे का?

चिकोडी_मास्तर
त्या व्हिडिओतल्या बकरीबद्दल थोडं सांगतो, आमच्या नववीच्या पोरांनी यंदा विज्ञान प्रदर्शनाला हाच विषय घेतलाय त्यामुळं माझीही उजळणी झालीय. पहिली गोष्ट, ती बकरी नव्हेच! इंग्रजीत माउंटन गोट म्हणतात म्हणून आपणही बकरी म्हणायचं. शास्त्रीय नाव ओरिॲम्नोस अमेरिकॅनस. आपल्या शेळ्या कापरा या प्रजातीत येतात, ही त्यात बसत नाही, हिचं घर वेगळं आणि त्या घरात आज ही एकटीच. लांबची भावकी म्हणा. राहते उत्तर अमेरिकेत, रॉकी पर्वत ते अलास्का.

तिच्या अंगावर दोन थर असतात. आत बारीक दाट लोकर आणि वर लांब राठ केस, हे वरचे केस आतून पोकळ. उणे ४६ डिग्रीपर्यंतची थंडी आणि ताशी १६० किलोमीटरचं वारं ती काढते असं सांगतात. उन्हाळा आला की खडकांना, झाडांना अंग घासून घासून ही सगळी लोकर काढून टाकते, तेव्हा फाटकी गादी अंगावर घेतल्यासारखी दिसते. आधी नर कात टाकल्यासारखे मोकळे होतात, गाभण माद्यांचा नंबर शेवटी.

कुंदाप्रेमी
म्हणजे व्हिडिओ काढणाऱ्यानं जूनमध्ये काढला असता तर कुणी बघितला नसता.

निवृत्त_सुभेदार
धागा वाचून राहवलं नाही. मराठा सेंटरला भरती झालो, नोकरीतली तीन वर्षं लडाखला काढली. न्योमाच्या बाजूला चांगथांग म्हणून पठार आहे, चार हजार मीटरच्या वर. तिथं चांगपा लोकांच्या शेळ्या असतात, पश्मीना जिच्यापासून काढतात ती. आमच्या पोस्टपासून खाली त्यांचे तंबू पडायचे.

जानेवारीत एकदा पहाटे खाली उतरलो तर दगडी वाड्यात शेळ्या बसलेल्या, पारा उणे तीसच्या खाली, आणि त्यांच्या पाठीवर रात्रीचा बर्फ तसाच साचलेला. मी तिथल्या चांगपा म्हातारीला खुणेनं विचारलं, झटकत का नाहीस? ती हसली, माझा हातमोजा ओढून काढला आणि माझी बोटं सरळ एका शेळीच्या केसात खुपसली. वर बर्फ, अर्धं बोट आत गेलं की गार, आणि कातडीला लागलं की ऊन ऊन, चुलीजवळ झोपलेल्या मांजरासारखं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की बर्फ वितळत नाही कारण आतली ऊब बाहेरच येत नाही. बर्फ वितळायला लागला असता तर शेळी मेली असती. आमच्या तंबूवरचा बर्फ मात्र बुखारी, म्हणजे रॉकेलची शेगडी, पेटली की धो धो वितळायचा, म्हणजे आम्ही रॉकेल जाळून लडाख गरम करत होतो.

येळ्ळूरकरीण
बापरे सुभेदारकाका, काय सांगितलंत! अंगावर काटा आला.

जनावरांचा_डॉक्टर
काटा आला ना? तोच तो जुना डाव. थंडी वाजली की कातडीखालचे बारके स्नायू आवळतात आणि केस उभे राहतात, उभ्या केसांत हवा जास्त अडकते. जनावराला त्याचा उपयोग होतो. आपल्याला केस उरले नाहीत, काटा तेवढा राहिला.

सुभेदारसाहेबांनी सांगितलं ते लाख मोलाचं आहे. लोकर स्वतः गरम नसते. लोकरीत अडकलेली हवा हलत नाही, आणि न हलणाऱ्या हवेतून उष्णता लवकर जात नाही. सगळा खेळ हवा कोंडून ठेवण्याचा. म्हणून वारं आणि पाणी हे दोन खरे वैरी, थंडी तिसऱ्या नंबरला. वारं ती हवा उडवून नेतं, पाणी तिची जागा घेतं.

रायबागचा_मेंढका
डाक्टर बरोबर बोलले. आमची तीन पिढ्या मेंढरं हायत, दख्खनी, काळी. थंडीनं मेंढरू मेलेलं मी बघितलं न्हाई पण भिजून मेलेली मोजायला नकोत. वर्षाला दोनदा कातरतो, आणि कातरल्यावर चार दिवसात जर अवकाळी आला तर मग बघा, रात्रीत माना टाकत्यात. एकदा चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रंहून येताना असंच झालं, कातरून आठवडा झाला न्हवता, वाटेत गारांचा पाऊस, आडोसा न्हाई, सतरा गेली. चूक माझी, घाई केली होती कातरायची, गिऱ्हाईक थांबलं होतं लोकरीला.

म्हणून पावसाळ्यात आमी खानापूर-जांबोटीकडं कळप नेत न्हाई, तिकडं ओल मरत न्हाई, खुरं कुजत्यात. दिवाळी झाली की मग घाटाकडं.

खानापूरचा_पाऊस
आमच्यावर टीका सहन केली जाणार नाही. ओल ही आमची संस्कृती आहे.

अनगोळची_अक्का
घोंगडीचं पण तेच हो. माझ्या आजेसासूबाईंची घोंगडी होती, चिंचोक्याची खळ दिलेली, इतकी कडक की कोपऱ्यात उभी केली तर उभी राहायची. शेतात भातलावणीला तिचीच खोळ डोक्यावर. वरून पाणी ओघळून जायचं, आतला माणूस कोरडा. आता सगळे प्लास्टिकचे रेनकोट, आतून घामानं भिजा नाहीतर बाहेरून पावसानं. कन्नडमध्ये कंबळी म्हणतात, आमच्या शेजारच्या कुरुबर घरात अजून दोन आहेत, मागितली तर देत नाहीत.

निपाणीचा_निखारा
अक्का, कन्नड शब्द आला, आता इथं सीमाप्रश्न सुरू होणार.

धागा_राखणदार
होणार नाही. त्याला वेगळा धागा आहे, तिथं एक हजार चारशे प्रतिसाद झालेत, तिकडं जा. इथं फक्त शेळ्या.

टिळकवाडीचा_टिळक
माझं म्हणणं अजून तेच आहे. लडाखच्या शेळीला थंडी लागली म्हणून लोकर आली. आपण जनावरांना उबेत ठेवलं तर येणार कशी?

जनावरांचा_डॉक्टर
नाही हो. लोकर थंडी लागल्यावर उगवायला लागली तर उशीर झाला. उन्हाळा सरून दिवस लहान होऊ लागतो हे डोळ्यांतून मेंदूला कळतं, मेलाटोनिन नावाचं द्रव्य रात्र वाढली की जास्त वेळ सुटतं, आणि त्या हिशेबानं आतली मऊ लोकर वाढू लागते, थंडी पडायच्या आधीच. वसंतात दिवस मोठा झाला की ती सुटते. पंचांग बघून तयारी, हवामान बघून नव्हे. आणि तुमची येळ्ळूरची शेळी शंभर वर्षं गारठ्यात उभी केली तरी पश्मीना देणार नाही, तो वाण वेगळा.

निवृत्त_सुभेदार
डॉक्टरांचं खरं आहे. जूनच्या सुमाराला लोकर सुटायला लागली की चांगपा बाया शेळीचे पाय बांधून, आडवी पाडून लोखंडी फणीनं विंचरतात. कातरत नाहीत, विंचरतात, म्हणजे वरचे राठ केस राहतात आणि आतला फक्त कापूस येतो. एका शेळीमागं पाव किलोच्या आसपास, त्यात धूळ, कोंडा सगळं धरून. तो धागा १२ ते १५ मायक्रॉनचा, आपला डोक्यावरचा केस त्याच्या चार-पाच पट जाड.

आणि जाता जाता, पॅंगाँगकडं जाणाऱ्या लोकांना विनंती. तिथं मार्मोट म्हणून गुबगुबीत प्राणी बिळातून बाहेर येतो, लोक बिस्किटं घालतात आणि रील काढतात. ते जनावर वर्षातले सहाएक महिने बिळात झोपून काढतं, अंगातल्या चरबीवर. उन्हाळ्यात त्यानं गवत खाऊन ती चरबी करायची असते, तुमची क्रीमची बिस्किटं खाऊन नव्हे. आमच्यातले काही जवान पण घालायचे, मी ओरडायचो.

गोकाकचा_करदंट
मी पण बिस्किटं घातलीत. माफी.

चिकोडी_मास्तर
झोपण्यावरून आठवलं, अलास्कात एक बेडूक आहे, वुड फ्रॉग. तो हिवाळ्यात पाचोळ्याखाली चक्क गोठतो. अंगातल्या पाण्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग बर्फ होतो, हृदय बंद, श्वास बंद. वसंतात वितळतो आणि उडी मारून जातो. पेशी फुटत नाहीत कारण गोठायला सुरुवात झाली की त्याचं यकृत रक्तात प्रचंड साखर सोडतं, ती पेशींच्या आत बर्फ होऊ देत नाही.

कुंदाप्रेमी
म्हणजे साखर वाढवून जीव वाचतो! मास्तर, हे जरा आमच्या डॉक्टरांना लिहून द्या, ते मला कुंदा बंद करा म्हणतात.

जनावरांचा_डॉक्टर
मी बेडकांचा डॉक्टर नाही आणि तुम्ही बेडूक नाही.

सांबऱ्याचा_पायलट
मला एक कळत नाही. अंगावर लोकर ठीक, पण पाय? पेंग्विन बर्फावर उघड्या पायांनी उभे असतात तासन्‌तास. पाय गोठत कसे नाहीत?

चिकोडी_मास्तर
हा प्रश्न पोरांनी पण विचारला होता. उत्तर मी चोर्ला घाटावरून दिलं, वर्गात चाललं म्हणून इथं देतो.

समजा बेळगाव म्हणजे शरीर आणि पणजी म्हणजे पाय. बेळगावातून पाकिटात दहा हजार घेऊन माणसं गोव्याला निघालीत. खाली कॅसिनो आहे, खाली नेलेला पैसा परत येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मग काय करायचं, तर घाटात जाणाऱ्यानं आपला पैसा वर येणाऱ्याच्या हातात द्यायचा, बाबा हे घरी पोचव. जाणारा शंभर रुपये घेऊन खाली पोचतो, हरून हरून किती हरणार? आणि वर येणारा रिकाम्या हातानं घरी येत नाही. पैसा म्हणजे उष्णता. पायाकडं जाणाऱ्या गरम रक्ताच्या नळ्या आणि पायातून परत येणाऱ्या थंड रक्ताच्या नळ्या अगदी एकमेकींना चिकटून असतात, वाटेतच देवाणघेवाण होते. त्यामुळं पेंग्विनचा पाय गारच असतो, गोठणबिंदूच्या जरासा वर, न गोठण्याइतपत. पाय गरम ठेवायचा हट्टच नाही. रेनडिअरच्या पायात हेच, बदकाच्या पायात पण हेच.

सांबऱ्याचा_पायलट
समजलं. माझा पाय गोव्याला गेल्यावर मात्र कुणी भेटत नाही घाटात.

अनगोळची_अक्का
तुमचं पाकीट बायकोकडं द्या, म्हणजे झालं.

निपाणीचा_निखारा
कानांचं कुणी काढलं नाही अजून. आमच्या मामाकडं जमनापारी शेळी होती, कान खांद्याखाली लोंबायचे, आणि त्या व्हिडिओतल्या बकरीचे कान बघा, पानाएवढे. त्यात पण काही असेल ना?

चिकोडी_मास्तर
आहे, निखारेसाहेब. १८७७ साली ॲलन नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानं हेच मांडलं, थंड मुलखात कान, शेपूट, पाय आखूड, गरम मुलखात लांब. लांब कान म्हणजे उष्णता बाहेर टाकायचा पंखा. त्याच्याही आधी १८४७ ला बर्गमान यानं म्हटलं की त्याच जातकुळीतले थंडीतले प्राणी अंगानं मोठे असतात. हंडाभर पाणी आणि तांब्याभर पाणी तापवून ठेवा, तांब्या आधी निवतो. येळ्ळूरकरणींचं करडू म्हणजे तांब्या. नियमांना अपवाद भरपूर आहेत, पण ढोबळ मानानं लागू पडतं.

टिळकवाडीचा_टिळक
बरं, करडाचं मान्य. पण मोठी जनावरं तरी एवढी कौतुकाची नाहीत. ती अमेरिकन बकरी काय सुखात आहे का तिथं?

चिकोडी_मास्तर
हे मात्र टिळकांनी चांगलं विचारलं. अजिबात नाही. हिवाळ्यात ती हिंडणं कमी करते, जिथं वाऱ्यानं बर्फ टिकत नाही असे उभे कडे धरते, सुकं गवत, दगडफूल, मिळेल ते खाते. पहिल्याच हिवाळ्यात बरीच पिल्लं जातात. हिमकडे कोसळून मरतात, पाय घसरून मरतात. खुराच्या दोन बोटांत फाक पडते, आत रबरासारखी खरखरीत गादी असते, म्हणून कड्यावर पकड मिळते, तरी घसरतात. आपल्याकडं व्हिडिओ येतो तो उभ्या राहिलेल्या बकरीचा.

आणि एक गंमत. वॉशिंग्टन राज्यात ऑलिम्पिक नॅशनल पार्क आहे, तिथं ही बकरी मुळात नव्हतीच, १९२०च्या दशकात शिकारीसाठी नेऊन सोडली. तिथल्या डोंगरात मीठ मिळत नाही, म्हणून ती ट्रेकिंगवाल्यांच्या मागं लागली. घाम चाटायला आणि, माफ करा, लघवीसाठी. २०१० साली एका बकरीनं माणसाला शिंग मारून ठार केलं. शेवटी २०१८ पासून डोळ्यांवर पट्टी बांधून, हेलिकॉप्टरला टांगून त्यांना कॅस्केड डोंगरात हलवलं.

रायबागचा_मेंढका
मीठ न मिळाल्यावर मेंढरू पण भिंत चाटतंय, आमी खडामीठ दगडावर ठेवतो. हेलिकॉप्टर लागत न्हाई.

गोकाकचा_करदंट
तिबेटच्या पठारावर पिका म्हणून उंदरासारखा दिसणारा, पण सशाच्या भावकीतला प्राणी आहे. तो झोपत पण नाही आणि स्थलांतर पण करत नाही. २०२१ ला संशोधन आलं होतं, हिवाळ्यात तो अंगातली आच मंद करतो आणि याकचं शेण खातो! पचायला सोपं, शोधायला हिंडावं लागत नाही.

कुंदाप्रेमी
मी आत्ता नाष्टा करतोय.

खानापूरचा_पाऊस
सगळं ठीक पण सगळ्यात हुशार प्राणी राहिला. जो थंडीशी भांडतच नाही, उठतो आणि कर्नाटकात येतो. पट्टकादंब. गदग जिल्ह्यात शिरहट्टीजवळ मागडीचं तळं आहे, दर हिवाळ्यात हे हंस तिथं उतरतात, डोक्यावर दोन काळे पट्टे. उन्हाळ्यात मंगोलिया, तिबेट, लडाख, आणि मधे हिमालय ओलांडून यायचं, सात हजार मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद झालीय. तिथल्या विरळ हवेतला प्राणवायू त्यांचं रक्त आपल्यापेक्षा घट्ट धरतं. मी गेल्या जानेवारीत गेलो होतो, पहाटे तळ्यावर शेकड्यांनी, आणि सूर्य वर आला की शेतात शेंगा खायला. शेतकरी मात्र कपाळाला हात लावून बसलेला होता.

आपली थंडी म्हणजे त्यांची मे महिन्याची सुट्टी.

अनगोळची_अक्का
मग येळ्ळूरच्या राजहंसगडावर का नाही उतरत? नावातच राजहंस आहे!

निवृत्त_सुभेदार
अक्का, मी त्यांना लडाखमध्ये बघितलंय, पिल्लांसह. मी रजेवर बेळगावला यायला तीन दिवस घ्यायचो, ट्रक, मग विमान, मग रेल्वे. हे नुसते उडून यायचे. मला वाटायचं, गड्या, माझ्या घराकडंच चाललायस, निरोप तरी ने.

जनावरांचा_डॉक्टर
येळ्ळूरकरीण, तुम्ही गोठ्याचं सांगितलंच नाही.

येळ्ळूरकरीण
डॉक्टर, सांगायला लाज वाटली म्हणून गप्प होते. थंडी लागू नये म्हणून ह्यांनी गोठ्याला चारी बाजूंनी ताडपत्री मारलीय, फट सुद्धा नाही. आणि मी रोज संध्याकाळी पाणी मारून गोठा धुते, स्वच्छ असावा म्हणून. सकाळी आत गेलं की डोळे चुरचुरतात.

जनावरांचा_डॉक्टर
झालं! हेच कारण. डोळे चुरचुरतात ते मुताच्या अमोनियानं, करडाच्या फुफ्फुसाला तेच लागतं, वर ओली फरशी आणि कोंडलेला दमटपणा. करडाला थंडी नाही, ओल लागलीय. संध्याकाळचं धुणं बंद, धुवायचं तर सकाळी, ऊन असताना. खाली भाताचा पेंढा वीतभर जाड, कोरडा, भिजला की बदला. ताडपत्री खालून करडाच्या उंचीपर्यंत राहू दे, वारं अडेल, वरची छपराखालची पट्टी काढा, वाफ बाहेर जाऊ दे. दूध पोटभर पितंय ना बघा, दणकट भाऊ ढकलत असेल तर त्याला थोडा वेळ बाजूला बांधा. आणि खोकला किंवा नाकातून पाणी दिसलं तर इथं लिहीत बसू नका, थेट दवाखाना.

येळ्ळूरकरीण
(अठरा दिवसांनी) उशिरा लिहितेय, सुगी चालू होती. वरची ताडपत्री काढली, पेंढा घातला, संध्याकाळचं पाणी बंद. तिसऱ्या दिवसापासून थरथर थांबली. आता बारकं पण पाला कुरतडायला लागलंय, म्हणजे भट्टी पेटली म्हणायची. सासूबाईंनी आपल्या माहेरची जुनी घोंगडी माळ्यावरून काढून गोठ्याच्या वाऱ्याच्या बाजूला टांगलीय, मला हात लावू देत नाहीत.

स्वेटरची उजवी बाही दणकट करडानं खाल्ली.

कुंदाप्रेमी
फोटो अजून आलेला नाही.